प्रिंटर आमच्या गळ्यात, पासवर्ड जिल्ह्याला
तालुका कार्यालयांतील संगणक परिचालकांच्या जिल्हा संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी

विषय : तालुका कार्यालयांतील नेटवर्क प्रिंटरची मांडणी, देखभाल आणि त्यासाठीचे अधिकार

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाच्या, जातीच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांसाठी तहसीलमध्ये रांग लागते आणि नेमका तेव्हाच प्रिंटर बंद पडतो, असा सगळ्यांचा समज आहे. प्रिंटर वर्षभर बंद पडत असतो. एरवी खिडकीबाहेर ओरडायला कोणी नसते, इतकेच. या पत्रात आम्ही मानधनवाढ मागितलेली नाही (ती वेगळी मागू). नवे प्रिंटरही मागितलेले नाहीत. आहेत ते प्रिंटर चालू ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्या अंगावर टाकली आहे, त्यांच्या हातात ते चालू ठेवण्यापुरते अधिकार द्यावेत, एवढेच म्हणणे आहे.

पहिली मागणी पत्त्यांची. नेटवर्कवरच्या प्रत्येक प्रिंटरला एक आयपी पत्ता असतो. आमच्या बहुतेक कार्यालयांत तो राउटर आपल्या मर्जीने वाटतो. दुपारी लाईट जाते, तासाभराने येते. राउटर सुरू होतो, संगणक पटापट उठतात, प्रिंटर मागाहून जागा होतो आणि कालचा १९२.१६८.१.२० हा पत्ता दुसऱ्याच कोणाला गेलेला असतो. प्रिंटरला नवा पत्ता मिळतो, पण संगणक कागद जुन्याच पत्त्यावर धाडत राहतात आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसते. मग कोणीतरी घाईने तोच प्रिंटर पुन्हा जोडतो. यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ येते, पुढच्या लाईटीला ‘कॉपी २’. आधी पाठवलेली कामे जुन्या रांगेत तशीच अडकलेली असतात. चार दिवसांनी राउटरने चुकून जुना पत्ता परत दिला, की ती सगळी एकदम बाहेर पडतात आणि नेऊन झालेल्या दाखल्यांच्या दुसऱ्या प्रती ट्रेमध्ये येऊन पडतात. शिक्का मारायला बसलेल्या माणसाने यातला खरा कागद कोणता समजायचा?

यावरचा उपाय जुना आणि फुकटचा आहे. प्रत्येक प्रिंटरचा मॅक पत्ता राउटरमध्ये नोंदवून त्याच्यासाठी आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. संगणकावर प्रिंटर जोडताना विंडोज आपणहून सुचवते तो डब्ल्यूएसडी पोर्ट न घेता साधा टीसीपी-आयपी पोर्ट घ्यावा. बहुतेक ऑफिस प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतात. त्याच खिडकीत ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण असते. प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसेल तर धडधाकट प्रिंटरही बंद दिसतो, तेव्हा तिथे ती काढावी. पत्ता, मॉडेल, ड्रायव्हर, कार्ट्रिजचा क्रमांक आणि ठिकाण यांची एक नोंदवही प्रत्येक कार्यालयात असावी आणि पत्त्याची चिठ्ठी प्रिंटरवरच चिकटवावी. यूएसबीने अव्वल कारकुनांच्या संगणकाला जोडून ‘शेअर’ केलेले प्रिंटर, जिथे सोय आहे तिथे, थेट नेटवर्कवर घ्यावेत. साहेब रजेवर गेले, संगणक बंद राहिला म्हणून सगळ्या शाखेची छपाई बंद, हे चालू नये.

दुसरी मागणी अधिकारांची, आणि खरे दुखणे इथेच आहे. रांगेत एखादे काम अडकले, रद्दही होईना, की स्पूलर ही सेवा थांबवायची, तिच्या फोल्डरमधल्या फायली पुसायच्या आणि सेवा पुन्हा सुरू करायची. दोन मिनिटांचे काम. त्याला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो, तो जिल्ह्याला असतो. तक्रार नोंदवायची, इंजिनिअरची वाट पाहायची. तोवर ‘तुम्ही बसलाय कशाला?’ हा प्रश्न मात्र आम्हाला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवेला विनाकारण उशीर झाल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्यात परिचालकाचे नाव नाही हे खरे, पण वरून आलेला दाब उतरत उतरत शेवटी कोणाच्या टेबलावर थांबतो हे आपण जाणता.

पासवर्ड देण्यात धोका आहे, हे आम्हाला मान्य आहे. २०२१ च्या जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष उघड झाला. स्पूलरच्या वाटेने बाहेरच्याला संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने तातडीने दुरुस्ती काढली आणि ऑगस्टपासून प्रिंट सर्व्हरवरून नवा ड्रायव्हर घ्यायलाही अ‍ॅडमिनची परवानगी लागू लागली. म्हणून आम्ही सरसकट अ‍ॅडमिन अधिकार मागत नाही. स्पूलर थांबवून सुरू करणे, त्याचे फोल्डर रिकामे करणे आणि आपल्या कार्यालयातल्या प्रिंटरच्या रांगा सांभाळणे, एवढेच अधिकार प्रत्येक तालुक्यातल्या दोन नेमलेल्या परिचालकांना लेखी आदेशाने द्यावेत. ड्रायव्हर तपासून, मंजूर करून जिल्ह्यानेच सर्व्हरवरून पोचवावेत. विंडोजमध्ये या दोन्हींची सोय आहे.

याला लागूनच अपडेटचा प्रश्न येतो. २०२१ च्याच सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर अनेक ठिकाणी जोडले जाईनात; पडद्यावर शून्यांच्या माळेनंतर ‘११बी’ असा त्रुटी क्रमांक येई. तेव्हा फिरलेला तोडगा असा, की रजिस्ट्रीत एक नोंद करून सुरक्षेची अट बंद करायची, नाहीतर अपडेटच काढून टाकायचे. चावी सापडत नाही म्हणून कुलूपच तोडण्यातला हा प्रकार आहे. तो जिथे केला गेला तिथे आजही तसाच असेल, तर शोधून काढावा. यापुढे कोणतेही अपडेट आधी एका तालुक्यात लावून, छपाई तपासून मगच बाकीच्यांना द्यावे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नवे-जुने संगणक काही काळ शेजारी शेजारी चालणार असल्याने ही काळजी आता अधिकच लागेल.

खरेदीबद्दल थोडक्यात. सर्वांत कमी दराचा प्रिंटर घेतला जातो आणि दरवेळी मॉडेल बदलते. मग एकाचे कार्ट्रिज दुसऱ्याला चालत नाही. सोबत येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये टोनर बऱ्याचदा कमीच भरलेला असतो. दर ठरवताना प्रिंटरच्या किमतीबरोबर एका पानामागचा खर्चही धरावा आणि जिल्ह्यात दोन-तीनच मॉडेल ठेवावीत. देखभाल करारात रोलर आणि ड्रमही असावेत.

प्रिंटर ताब्यात घेतानाची चाचणी मराठी पानावर व्हावी, हा आमचा आग्रह आहे. विंडोजचे इंग्रजी चाचणी-पान सुरेख उमटते, पुरवठादार सही घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी ‘शेतकऱ्याचे’ मधला ‘ऱ्या’ फुटतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ड्रायव्हर फॉन्टची अदलाबदल करतो तेव्हा असे होते. ‘इमेज म्हणून छापा’ ही खूण केली की भागते, पण छपाई रेंगाळते. योग्य ड्रायव्हर सुरुवातीलाच निवडणे बरे. त्याच चाचणीत कागदाचा आकारही पाहावा. सॉफ्टवेअरमध्ये ‘लेटर’ आणि ट्रेमध्ये ए-४ असेल, तर कागद भरलेला असूनही प्रिंटर कागद मागत लुकलुकत उभा राहतो.

एक मागणी नागरिकांच्या वतीने. सामायिक प्रिंटरच्या ट्रेमध्ये आधारच्या प्रती, उत्पन्नाचे तपशील उघडे पडून असतात. ज्या यंत्रांत पिन टाकल्यावरच छपाई होण्याची सोय आहे, तिथे ती सुरू करावी. कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलावेत. हार्डडिस्क असलेली यंत्रे भंगारात देण्यापूर्वी ती पुसून घ्यावी.

‘सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा झाला, ई-ऑफिस आले, आता प्रिंटर कशाला?’ असे बैठकांत विचारले जाते. नोटिसा बजावायच्या असतात, रोजनाम्यांवर सह्या घ्यायच्या असतात, आणि मोबाइलवरचा दाखला घेऊन आलेल्या माणसाला पुढच्या खिडकीवर कागदच मागतात. तिथले मागणे बंद होईल त्या दिवशी आम्हीही हे मागणे सोडू.

पत्ते राखणे आणि मर्यादित अधिकार देणे या दोन मागण्यांना निधी लागत नाही, आदेश लागतो. तो प्रवेशांची गर्दी सुरू होण्याआधी निघावा. बाकीच्यांसाठी बैठक लावावी आणि त्या बैठकीला राउटरचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनाही बोलवावे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव