विश्वासाला पोचपावती हवी

गेल्या महिन्यात एक परिचित व्यापारी मजकडे आले. वडिलांच्या पश्चात कपाटात एका पतसंस्थेच्या पाच ठेवपावत्या सापडल्या होत्या; संस्थेच्या खतावणीत मात्र त्यांपैकी दोनच ठेवींची नोंद होती. "कारभारी आमच्याच पेठेतले, वडिलांच्या रोजच्या बैठकीतले. त्यांच्याकडे हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा?" असे ते खिन्नपणे म्हणाले. ते ऐकताना मला इंग्लंडमधील टपाल बचत बँकेच्या जन्माची हकीकत आठवली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील कामगार, मोलकरणी व लहान कारागीर आपली शिल्लक विश्वस्तांनी चालविलेल्या बचत बँकांत ठेवीत. 1817 च्या कायद्यानुसार या बँकांचा पैसा राष्ट्रीय कर्ज आयुक्तांकडे गुंतविला जाई. त्यामुळे आपल्या ठेवीला सरकारची हमी आहे, असा अनेक ठेवीदारांचा समज होता. तो समज खरा नव्हता. आयुक्तांपर्यंत पोचलेल्या रकमेपुरतेच सरकार बांधील होते. आणि 1844 च्या कायद्याने विश्वस्तांचीही जबाबदारी जवळजवळ संपविली होती. वाटेत जे नाहीसे होईल, त्याला धनी कोणीच नव्हता.

1849 मध्ये रॉचडेल या गिरण्यांच्या गावी हे उघड झाले. तेथील बचत बँकेचा कारभार जॉर्ज हॉवर्थ नावाचे गृहस्थ पाहत. ते स्वतः व्यावसायिक होते आणि गावात त्यांचा मोठा मान होता. त्यांच्या निधनानंतर हिशेब तपासला, तेव्हा सत्तर हजार पौंडांहून अधिक तूट निघाली. प्रतिष्ठेच्या आड कोणी डोकावलेच नव्हते.

अशा घटनांनी बचत बँकांवरील भरवसा डळमळला. हडर्सफील्ड येथील एक बँक अधिकारी चार्ल्स साइक्स यांनी 1859 मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांना पत्र लिहून सुचविले, की गावोगावच्या टपाल कचेऱ्यांतूनच बचत स्वीकारावी. पुढे टपाल खात्यातील जॉर्ज चेटविंड आणि फ्रँक स्कडामोर यांनी त्या कल्पनेला व्यवहार्य रूप दिले. 17 मे 1861 रोजी कायदा झाला आणि 16 सप्टेंबर रोजी कामकाज सुरू झाले.

किमान ठेव एक शिलिंग, वर्षाला कमाल तीस पौंड, व्याज अडीच टक्के. प्रत्येक पूर्ण पौंडावर दरमहा अर्धा पेनी, म्हणजे कमी शिकलेल्या माणसालाही मनातल्या मनात करता येईल असा हिशेब. आता परतफेडीची हमी खरोखरच सरकारची होती. ठेवीदाराचे नाव व रक्कम गुप्त ठेवण्याचे बंधनही टपाल कर्मचाऱ्यांवर कायद्याने घातले होते. 1862 अखेरपर्यंत अडीच हजारांहून अधिक कचेऱ्यांत हे काम चालू झाले.

परंतु या योजनेचा खरा प्राण एका साध्या कागदात होता. गावचा पोस्टमास्तर पैसे घेऊन पासबुकात नोंद करी, शिक्का मारी आणि त्या दिवसाचा हिशेब लंडनला पाठवी. लंडनहून मुख्य कचेरी थेट ठेवीदाराच्या नावे पोचपावती धाडी. दहा दिवसांत ती आली नाही, तर ठेवीदाराने लंडनला कळवायचे. त्यामुळे पोस्टमास्तरचा प्रामाणिकपणा गृहीत धरण्याचे कारण उरले नाही आणि त्याच्यावर संशय घेण्याचेही. प्रत्येक ठेवीदार न कळत लेखापरीक्षक झाला.

ही कल्पना पुढे देशोदेशी गेली. जपानने 1875 मध्ये ती स्वीकारली आणि हिंदुस्थानात टपाल बचत बँक 1 एप्रिल 1882 रोजी सुरू झाली. आपल्या आजी-पणजींच्या लुगड्याच्या घडीत जपलेल्या पोस्टाच्या पुस्तकाची वंशावळ तेथपर्यंत पोचते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. खात्याचा उतारा मागणारा ग्राहक काही सहकाऱ्यांना कटकटीचा वाटे. वस्तुतः तो बँकेचा आणि सहकाऱ्यांचाही रक्षक होता. कारण तपासलेल्या हिशेबामुळे प्रामाणिक माणसावर कधी बालंट येत नाही.

आपल्या व्यापारी घरांत शब्दाला मोल आहे, आणि ते असावेच. पण शब्द पाळणारा माणूसही आजारी पडतो, अडचणीत येतो, एखाद्या दिवशी जातो. मागे उरते ती वही. म्हणून एक विनंती आहे. दिवाळीला वहीपूजन करताना दुकानाच्या खतावणीबरोबर घरातील प्रत्येक ठेवपावती व पासबुकही समोर ठेवावे. त्यापूर्वी संस्थेकडून शिल्लक लेखी मागवून ती ताडून पाहावी आणि नामनिर्देशन झाले आहे की नाही, हेही बघावे.

माझ्या परिचितांचे प्रकरण आता सहकार निबंधकांपुढे आहे. पाचही पावत्या जपून ठेवल्या होत्या, एवढाच आज त्यांचा आधार. वडिलांनी वर्षातून एकदा संस्थेत जाऊन "माझे खाते दाखवा" असे म्हटले असते, तर मैत्री तुटली नसती; कदाचित तीही वाचली असती.