‘कलाश्रय’ या शब्दाचा गैरवापर

१९२१ साली फ्लॉरेन्समध्ये स्थापन झालेल्या गुची या फॅशनगृहाने २०१७ च्या मे महिन्यात तेथील पिट्टी प्रासादाच्या चित्रदालनात आपली वस्त्रे सादर केली. लगतच्या बोबोली उद्यानाच्या जीर्णोद्धारासाठी वीस लाख युरोही देऊ केले. अशा व्यवहारांना प्रबोधनकालीन कलाश्रयाचा वारसा म्हणण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ही प्रथा निरुपद्रवी नाही. ‘आश्रय’ आणि ‘प्रेरणा’ या दोन भिन्न संकल्पनांची तीत गल्लत होते आणि समीक्षा ती मुकाट्याने स्वीकारते.

मूळ आश्रयाचे स्वरूप करारांतून कळते. घिरलांदायोने फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी ‘मागींचे पूजन’ हे चित्र रंगविण्याचा करार १४८५ साली केला. मोबदला ११५ फ्लोरिन. निळा रंग औंसामागे सुमारे चार फ्लोरिन किमतीचा हवा. आणि चित्र तेवढ्या मोलाचे न वाटल्यास रक्कम कमी करण्याचा अधिकार अनाथालयाच्या प्रमुखाचा! यात औदार्य शोधणे व्यर्थ आहे. (लोकरीच्या धंद्यातील कामगारांनी १३७८ साली केलेले बंड आठवले, तरी या धनिकांविषयीचा भाबडेपणा ओसरावा.) परंतु हे पैसे अद्याप अस्तित्वात नसलेल्या चित्रासाठी, एका हयात चित्रकाराला दिले जात होते. शिवाय हे अनाथालय रेशीम-व्यावसायिकांच्या श्रेणीच्या आश्रयाने उभे राहिलेले. बाप्तिस्मागृहाच्या कांस्यद्वारासाठी १४०१ ची स्पर्धा योजणारी कालिमाला ही श्रेणीही कापड-व्यापाऱ्यांचीच. तेव्हा वस्त्राच्या नफ्यावर चित्र पोसले जात होते. आज चित्राच्या प्रतिष्ठेवर वस्त्राची किंमत चढते. हा वारसा नव्हे, व्यत्यास आहे.

जीर्णोद्धार झाला, हे तर खरेच ना, असा प्रतिवाद होईल. खरे आहे, आणि त्याबद्दल देणगीदाराचे आभारही मानावेत. परंतु जुन्या कृतीची निगा राखणे आणि नव्या कृतीची जोखीम पत्करणे या क्रिया एका नावाने संबोधता येत नाहीत. अथेन्समधील पुरातत्त्व परिषदेने २०१७ मध्येच अॅक्रोपोलिसवरील प्रयोगाला नकार दिला, तेव्हा निदान त्या स्थळाचे प्रतीकमूल्य विकाऊ नाही अशी भूमिका तरी पुढे आली. उफ्फिझी संग्रहालयाचे तसे नाही. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची प्रतिमा कपड्यांवर छापल्याबद्दल २०२२ साली त्याने जाँ पॉल गोतिए या फॅशनगृहाविरुद्ध कायदेशीर कारवाई जाहीर केली. तक्रार अशी, की परवानगी घेतली नाही आणि शुल्कही भरले नाही. शुल्क भरले गेले असते, तर त्याच कपड्यांना ‘प्रबोधनाची प्रेरणा’ म्हणावयास कोणाची हरकत असती?