मारकडवाडी आणि फसवा पर्याय

अकलूजच्या अभ्यासिकांत राज्यसेवेची आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले विधान-निष्कर्षाचे प्रश्न रात्र रात्र सोडवतात. ‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’ यांची वर्तुळे काढण्यात त्यांचा हात बसलेला असतो. अमेरिकेतल्या विधी शाखेच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे एलसॅटमध्ये, याहून चावट प्रश्न येतो. अ काही बोलतो, ब त्याला उत्तर देतो. मग विचारतात, ब ने अ चे बोलणे काय समजून घेतले? कोण बरोबर, हे विचारलेलेच नसते. आणि आपण तर नेमके तेच ठरवायला धावतो.

युक्ती सोपी आहे. ब चे उत्तर कोणत्या विधानाला चपखल बसले असते, ते आधी शोधायचे. मग ते विधान अ ने केले होते का, ते पाहायचे. फसवा पर्याय बहुधा ब चे स्वतःचे मत सांगतो. ते खरेही असेल, पण ब ने ते अ च्या तोंडी घातलेले नसते.

सरावाला परदेशी प्रश्नपत्रिका कशाला? आपल्याच माळशिरस तालुक्यातली मारकडवाडी घ्या. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निकालानंतर तिथले काही ग्रामस्थ म्हणाले, आमच्या गावात मतदान यंत्राने प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना 1003 आणि आमचे उमेदवार उत्तमराव जानकर यांना 843 मते दाखवली, हे पटत नाही. गावातच मतपत्रिकेवर मतदान घेऊन पडताळून पाहू. उत्तर आले : अहो, 13 हजारांहून जास्त मतांनी जानकरच तर निवडून आले! उत्तर खरे आहे. पण ते ‘यंत्राने आमचा उमेदवार पाडला’ या विधानाला शोभते, आणि गाव तर आपल्या गावच्या आकड्याबद्दल बोलत होते.

म्हणून गावाची शंका खरी ठरते असे नाही. निकाल कळल्यावर, कॅमेऱ्यांच्या गराड्यात, गटातटांच्या देखत घेतलेल्या मतदानातून आधीचे गुप्त मतदान कसे सिद्ध होणार, असे विचारता आले असते. तो प्रश्न गावाच्या म्हणण्याला थेट भिडला असता. गाजले मात्र ‘जानकरच जिंकले’ हेच, कारण ते एका दमात म्हणता येते.

प्रशासनाने कायद्यात तरतूद नाही म्हणत जमावबंदी लावली आणि 3 डिसेंबरला ठरलेले ते मतदान झाले नाही. हाही गैरसमजच, असे म्हणण्याचा मोह होतो. ग्रामस्थ अधिकृत फेरमतदान मागत नव्हते, स्वतःची खात्री करू पाहत होते, हे प्रशासनाला नीट कळलेले असू शकते. कळूनही नको असेल. इथे जो विद्यार्थी घाईने ‘गैरसमज’चा गोल रंगवील, त्याचा गुण गेलाच.