पाटीवरचा रोमन लोहार

आमच्या एसटी स्टँडसमोर टायरचं एक जुनं दुकान आहे. दारात हाताने रंगवलेली पाटी: ‘हॉट वल्कनायझिंग करून मिळेल’. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हा स्टाफरूममध्ये या पाटीवर हशा व्हायचा. ‘व्ह’ हवा, ‘व’ कसला लिहिलाय! मला तो हशा तेव्हाही खटकायचा, आजही खटकतो.

शब्द आला आहे वुल्कानुस या रोमन देवाच्या नावावरून. इंग्रजीत त्याचा ‘व्हल्कन’ झाला. जुन्या लॅटिनमधला उच्चार मात्र आपल्या ‘व’च्या जवळचा. म्हणजे रोमच्या कानाला आमच्या पेंटरचं अक्षरच ओळखीचं वाटलं असतं.

हा देव अग्नीचा आणि भट्टीचा. बाकीचे देव मेजवान्या झोडतात. हा लंगडत ऐरणीपाशी जातो आणि त्यांची शस्त्रं घडवतो. रोमन लोक त्याला वचकून असत. दरवर्षी 23 ऑगस्टला, ऐन कोरड्या उन्हाळ्यात, धान्याची कोठारं आगीपासून वाचावीत म्हणून त्याचा सण करत आणि जिवंत मासळी आगीत टाकत. सिसिलीच्या उत्तरेला समुद्रात त्याच्याच नावाचं बेट आहे, व्हल्कानो. त्याची भट्टी तिथे जमिनीखाली धडधडते अशी समजूत होती. पुढे जगातल्या सगळ्या ज्वालामुखींना इंग्रजीत तेच नाव मिळालं. त्या बेटाच्या विवरापाशी आजही वाफा निघतात आणि दगडांवर पिवळाधमक गंधक साचतो.

हा गंधकच इथे महत्त्वाचा. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वास मारायचं, थंडीत तडकायचं. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरच्या हातून गंधक मिसळलेलं रबर तापल्या शेगडीवर पडलं. ते वितळलं नाही, चामड्यासारखं चिवट झालं. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉकने तीच क्रिया साधून पेटंट घेतलं. नाव मात्र सुचवलं त्याच्या मित्राने, विल्यम ब्रॉकेडनने. तो चित्रकार होता. आग आणि गंधक दोन्ही ज्याच्या घरचे, त्या देवाचं नाव त्याने या क्रियेला दिलं. शास्त्रातलं इतकं नेमकं बारसं मला दुसरं ठाऊक नाही. गुडइयर 1860 मध्ये कर्जात बुडालेला असतानाच वारला. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली 1898 मध्ये. तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी हे वर्गात सांगायचो आणि मग मुलांना त्या दुकानात न्यायचो. उस्ताद ट्यूब पाण्याच्या टबात दाबायचे, बुडबुडे दिसले की बोट तिथेच ठेवायचे. ट्यूब पुसून कोरडी करायची, कानशीने घासायची, सोल्युशन लावायचं, कच्च्या रबराचा तुकडा ठेवून शिकंजा आवळायचा आणि तापवायचं. गार झाल्यावर एखाद्या मुलाला म्हणायचे, “काढ बघू नखाने.” निघायचा नाही. नुसता चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो, हा सुटत नाही. कारण उष्णतेने रबराच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. उस्तादांचा शब्द होता ‘एकजीव’. माझ्या फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा तो सरस होता.

परिभाषेचे शब्द आपण मुलांकडून घोकून घेतो आणि ते आले कुठून हे सांगत नाही. मग तो शब्द परीक्षेपुरता राहतो. ज्या शब्दात एक देव, एक बेट आणि एका माणसाचं फाटकं आयुष्य आहे, तो दोन मार्कांसाठी पाठ करायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातला एक तास टायरच्या दुकानासमोर घ्या. कारागिराला आधी विचारा, त्याचा खोळंबा होऊ देऊ नका, आणि पाटीवरचं अक्षर दुरुस्त करायला जाऊ नका.