ड्रोनने गावठाण मोजलं, पण तुमच्या घराची हद्द नक्की कोण ठरवतं?



१८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशातल्या ५० हजारांहून जास्त गावांत ६५ लाखांवर मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. ही 'स्वामित्व' योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. महाराष्ट्रात तर त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. बातम्यांमध्ये ड्रोन खूप दिसला. पण त्याने नेमकं काय मोजलं आणि काय नाही, हे फारसं कुणी सांगितलं नाही. तेच आज समजून घेऊ.

मुळात ही वेळ का आली?

ब्रिटिश काळातली मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. त्यामुळे शेतजमिनीचा सातबारा तयार झाला. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता, म्हणून बहुतेक गावांच्या नकाशात अख्खं गावठाण एकच तुकडा राहिलं. घराचा कागद म्हणून लोकांकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणूनच अशा घरावर बँकेचं कर्ज मिळणं अवघड जातं.

जुना नकाशा का चालत नाही?

भारतीय सर्वेक्षण विभाग (स्थापना १७६७) डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारे नकाशे बनवतो. त्यांचं नेहमीचं प्रमाण १:५०,०००. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर! त्यात एक आळी बसेल, घर नाही. स्वामित्वचा नकाशा १:५०० चा आहे. इथे १ मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर.

मग फोनच्या जीपीएसने मोजता येईल का?

नाही. उपग्रहाचा सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो. वेळेत सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तरी अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं. वातावरणातून येतानाही सिग्नल थोडा रखडतो. त्यामुळे मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोन साधारण ५ मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. गावातली बोळ त्याहून अरुंद असते.

यावर उपाय म्हणजे कॉर्स स्टेशन. हा एका जागी कायम बसवलेला रिसीव्हर असतो आणि त्याची जागा अगदी अचूक माहीत असते. उपग्रह 'तू इथे आहेस' असं सांगतो तेव्हा त्यात किती चूक आहे हे त्याला लगेच कळतं. तीच दुरुस्ती तो आसपासच्या उपकरणांना पाठवतो, आणि चूक मीटरवरून ५ सेंटिमीटरच्या आसपास येते. ड्रोन एकमेकांवर चढणारे फोटो काढतो. ते जोडून, तिरकेपणा काढून मोजता येईल असा नकाशा तयार होतो.

ड्रोनला काय दिसत नाही?

खरी मेख इथे आहे. ड्रोनला वरून भिंत दिसत नाही, छप्पर दिसतं. कौलारू घराची वळचण भिंतीच्या पुढे आलेली असते. अंगणावर आंब्याची फांदी असेल तर खालची हद्द झाकली जाते. आणि दोन भावांमधली वाटणी तर कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

म्हणून ड्रोन उडण्याआधी गावात चुन्याने हद्दी आखतात. ती रेष माणसंच मारतात. ड्रोन फक्त ती टिपतो. नंतर भूमी अभिलेख विभागाकडून चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात आणि मग सनद मिळते.

माझ्या मते या योजनेचं यश ड्रोनवर नाही, त्या चुन्याच्या रेषेवर अवलंबून आहे. रेष मारताना जो हजर असतो त्याचं म्हणणं ऐकलं जातं. जो पुण्या-मुंबईत नोकरीला आहे, किंवा जी बहीण सासरी आहे, त्यांची बाजू मांडायला तिथे कुणी नसतं. चुकीची रेषसुद्धा ५ सेंटिमीटर अचूकतेने नोंदली जाते. तंत्रज्ञान चूक सुधारत नाही, ती पक्की करतं.

तरीही मी ही मोजणी फायद्याचीच मानतो. पूर्वी वाद झाला तर दाखवायला नकाशाच नव्हता. आता निदान बोट ठेवायला रेष आहे.

तुम्ही काय करायचं?

- गावात मोजणी झाली का, हे ग्रामपंचायतीत विचारा.
- झाली असेल तर महाभूमी पोर्टलवर मिळकत पत्रिका मिळते का बघा. नाव आणि क्षेत्रफळ दोन्ही तपासा.
- चौकशी चालू असेल तर मुदतीतच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.
- पत्रिका निघाली असेल आणि चूक दिसली, तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जा.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: "आपल्या घराची रेष मारली तेव्हा तिथे कोण उभं होतं?"