पूरही नाही, बॉम्बही नाही, तरी बाग उजाड!

पुण्याला गेलात तर सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान नक्की बघा. दहा एकरांची ही जपानी बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेली. ती मूळ बाग तिथल्या सरदारानं स्वतःसाठी केली, १७०० साली पूर्ण झाली. १८८४ मध्ये लोकांना खुली झाली. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक, दोन्हीत तिची वाताहत झाली. जुनी चित्रं समोर ठेवून ती पुन्हा होती तशी उभी केली.

आपल्याकडं काय होतं? फीत कापली जाते, फोटो येतात. दोन उन्हाळ्यांत हिरवळ वाळते, झोके मोडतात, कारंज्यात कचरा साठतो.

पूर्णेकरांनो, आपल्याला जपानी पूल नको. म्हाताऱ्यांना सावलीत बाकडं, लेकरांना खेळायला जागा, एवढं बस्स. गावाला नदी आहे, झाडांचा सल्ला द्यायला परभणीत कृषी विद्यापीठ आहे. पैसा बांधकामाला मिळतो, माळ्याला मिळत नाही. दुखणं तिथंच आहे.

म्हणून आता मत मागायला येईल त्याला एवढंच विचारा: बाग करताय, पण पुढची पाच वर्षं माळी कोण? त्याचा पगार कुठून? मे महिन्यात पाणी कुठून? उत्तर लेखी नसेल तर नारळ फोडू देऊ नका.

पटलं तर शेअर करा.