परक्याच्या ओंजळीने किती काळ?

मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीची संगणकीय सेवा जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एकाएकी तोडली. रशियाच्या रोझनेफ्टचा या कंपनीत ४९.१३ टक्के वाटा आहे, म्हणून युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध लादले होते. भारताच्या कायद्याने असा निर्बंध घातलेला नव्हता. पैसे भरूनही स्वतःचीच माहिती हाती येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यानंतर ३० जुलैच्या सुमारास सेवा पूर्ववत झाली.

नायराविषयी कळवळा बाळगण्याचे कारण नाही. वाडीनारला वर्षाकाठी दोन कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या भांडवलदारांना वकील परवडतात. परंतु हीच पाळी उद्या एखाद्या महापालिकेवर वा सरकारी रुग्णालयावर आली, तर दाद कोणाकडे मागायची?

जे सेवेचे, तेच कार्यप्रणालीचे. कार्यप्रणाली हा संगणकाचा कारभारी. विंडोजसारख्या प्रणालीची मूळ संहिता गुप्त असते. ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. मालकाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-पाठिंबा थांबविला आणि धडधाकट यंत्रे एका दिवसात जुनी ठरली. यंत्र कधी मोडीत काढायचे, हे अंधेरी-मुलुंडच्या लघुउद्योजकाने नव्हे, तर सातासमुद्रापलीकडच्या मक्तेदाराने ठरविले.

यावर उपाय नाही असे म्हणणाऱ्यांनी १९७८ साल आठवावे. परकीय भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणण्याची अट आयबीएमने नाकारली. मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. सरकार नमले नाही आणि आयबीएम देश सोडून गेली. तरी देशातील संगणक बंद पडले नाहीत, कारण १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सार्वजनिक कंपनीने त्यांची देखभाल अंगावर घेतली. नकार देण्याचे बळ भाषणांतून आले नव्हते; यंत्र दुरुस्त करू शकणाऱ्या हातांतून आले होते. तीच सीएमसी २००१ साली सरकारने टाटांना विकली!

आज ज्ञानाची वानवा आहे काय? जुहूला १९८५ पासून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. २००३ मध्ये ते सी-डॅकमध्ये विलीन झाले. त्याच सी-डॅकने २००७ साली लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली दिली. पवईच्या आयआयटीत मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराचे काम चालते. अंधेरीच्या सीप्झमध्ये मराठी तरुण परदेशी ग्राहकांसाठी संहिता लिहितात आणि त्यांच्याच शहरातील कार्यालये परवान्यांपोटी परदेशी पैसा धाडतात. परक्याची विहीर खणायची आणि पाणी मात्र त्याच्याच ओंजळीने प्यायचे, असा हा व्यवहार आहे.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण कारण दाखवून ते वगळण्याची मुभाही ठेवली. तेथेच धोरणाची धार बोथट झाली. सवयीचा आक्षेपही टिकत नाही. केरळच्या सरकारी शाळांतील मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिकत आहेत. मल्याळी मुलाला जे जमते ते बोरिवलीच्या पालिका शाळेतील मुलाला का जमू नये?

‘स्वदेशी’ नावाच्या मोहातही पडता कामा नये. परदेशी मक्तेदाराच्या जागी देशी मक्तेदार बसविला, तर कुलूप तेच राहते. किल्लीवाला तेवढा बदलतो. संहिता खुली हवी आणि ती सांभाळणारी यंत्रणा जनतेच्या मालकीची हवी. खुली संहिता असली, तरी ती वाचणारे हात पगारावर नसतील तर तो कागदच ठरेल.

म्हणून महापालिका आणि राज्य सरकार यांच्याकडे कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात: नवी संगणक खरेदी मुक्त प्रणालीवरच व्हावी, वाचणारा परवान्याचा पैसा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा, आणि देखभालीचे काम ठेकेदाराकडे न देता सी-डॅकसारख्या सार्वजनिक संस्थेत कायम नोकरभरती करून व्हावे. १९७८ साली जो नकार देता आला, तो पुन्हा देता येण्याची तयारी आजच करावी लागेल. सेवा तुटल्यावर ती करता येत नाही.